शिटी ओठांत असताना

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील एका संध्याकाळी, दिल्लीतील एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर, खांबांवरचे दिवे धुरकट हवेतून पिवळट उजेड टाकू लागले असताना, टेबलावरच्या घड्याळात अखेरचे अकरा सेकंद उरलेले आणि दोन संघांत अवघ्या एका गुणाचे अंतर असताना, चेंडू घेऊन सुसाट आत घुसलेला एक सोळा वर्षांचा मुलगा बास्केटसमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाच्या छातीवर आदळला आणि दोघेही कोसळले. त्याच क्षणी एका बाकावरून ‘चार्ज! चार्ज!’ आणि दुसऱ्या बाकावरून ‘ब्लॉक! ब्लॉक!’ अशा दोन परस्परविरोधी आरोळ्या उठल्या, आणि त्या आरोळ्यांच्या मधोमध शिटी ओठांत धरून मी उभा होतो. मी काय निकाल दिला ते यथावकाश सांगेनच. पण तो निकाल त्या एका क्षणात दिला गेला असे जे प्रेक्षकांना वाटले ते खरे नव्हे, आणि हीच गोष्ट दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात नव्याने पंचगिरी करू लागलेल्या तरुण मुलामुलींना सविस्तर सांगावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेतील अठरा विद्यार्थ्यांसाठी हा खेळ योजिला, तेव्हा लिहिलेल्या तेरा नियमांतच त्यांनी दोन अधिकाऱ्यांची कामे वाटून दिली होती: एकाने माणसांवर नजर ठेवून फाउलांची नोंद घ्यावी, आणि दुसऱ्याने चेंडूवर नजर ठेवून तो कोणाचा, सीमेच्या आत की बाहेर, बास्केट झाली की नाही, याचा निवाडा करावा आणि वेळही राखावी. ही वाटणी मला आजही अत्यंत मार्मिक वाटते, कारण आपल्यापुढे येणारे बहुतेक सारे अवघड प्रश्न तिने एका फटक्यात वेगळे काढले आहेत. चेंडूविषयीचे प्रश्न वस्तुस्थितीचे असतात. रेषेवर पाय पडला की नाही, शिटीपूर्वी चेंडू हातातून सुटला की नाही, याला एकच उत्तर असते आणि ते दिसले नाही तर दोष डोळ्यांचा किंवा उभे राहण्याच्या जागेचा असतो. माणसांविषयीचे प्रश्न मात्र अर्थाचे असतात. दोन देहांचा स्पर्श झाला हे तर सर्वांनीच पाहिलेले असते. त्या स्पर्शाने कोणाचा हक्क हिरावला गेला आणि तो स्पर्श घडवून आणण्याची जबाबदारी कोणाची, एवढेच ठरवायचे असते, आणि ते ठरवताना हाताशी साक्षीदार नसतो, कागद नसतो, मुदत नसते. शहरोशहरी चौकशी करून, दोन्ही पक्षांच्या कैफियती ऐकून, मग निकाल सांगण्याचा अवधी जुन्या काळच्या न्यायाधीशांना मिळे. आपल्याला अर्धा सेकंद मिळतो.

हा भार पूर्वी इतका नव्हता, असेही म्हणता येईल. मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा याच दिल्लीत भरल्या आणि त्यांत बास्केटबॉलचे सुवर्णपदक फिलिपाइन्सने नेले, तेव्हा एका संघाने किती वेळ चेंडू आपल्याकडे ठेवावा याला आंतरराष्ट्रीय नियमांत बंधनच नव्हते. ते १९५६ मध्ये तीस सेकंदांचे आले आणि २००० मध्ये चोवीस सेकंदांचे झाले. चेंडू जितक्या लवकर फेकावा लागतो तितक्या वेळा माणसे एकमेकांवर जातात, आणि जितक्या वेळा माणसे एकमेकांवर जातात तितक्या वेळा पंचाला अर्थ लावावा लागतो. आजचा सोळा वर्षांचा खेळाडू मोबाइलवर अमेरिकेतील सामने पाहून तेथील पदन्यास आपल्या शाळेत करतो, आणि ते पदन्यास नियमात बसतात की नाही हे ठरवायला तुम्ही उभे असता.

नियमपुस्तक पाठ असलेले नवे पंच सामन्यात गडबडतात ते कलमे आठवत नाहीत म्हणून नव्हे. पुस्तकातच पंचांच्या कर्तव्यांविषयी एक कलम आहे, त्याकडे परीक्षेच्या तयारीत फारसे कोणी पाहत नाही आणि मैदानात मात्र त्यावाचून एक पाऊल टाकता येत नाही. त्यात म्हटले आहे त्याचा आशय असा, की स्पर्शाचा विचार करताना पंचाने नियमाचा मूळ उद्देश ध्यानी घ्यावा. ज्या आनुषंगिक स्पर्शाने कोणाचा लाभ वा हानी झाली नाही त्यासाठी खेळ थांबवू नये. प्रत्येक सामन्यात खेळाडूंची योग्यता, त्यांचे वर्तन आणि वृत्ती पाहून व्यवहारज्ञान वापरावे. आणि सामन्यावरचा अंमल व सामन्याचा ओघ यांचा तोल राखावा. या चारही गोष्टींत सातत्य हवे, असा पुस्तकाचा आग्रह आहे, आणि ‘सातत्य’ हाच त्यातला सर्वांत महाग शब्द आहे. पहिल्या दहा मिनिटांत मनगटावरचा हात तुम्ही सोडून दिलात, तर चौथ्या सत्रात तोच हात पकडण्याचा अधिकार तुम्ही आपल्या हाताने गमावलेला असतो. किंबहुना खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत तुमचाच अभ्यास करत असतात, आणि तुम्ही कोणती सीमा आखता ते पाहून त्या सीमेपर्यंत खेळतात. चेंडू घेऊन पुढे जाणाऱ्याच्या कमरेवर ठेवलेला हात, बास्केटखाली पाठीत रोवलेले कोपर, अशा दोनतीन गोष्टी आरंभीच न चुकता वाजवल्या, तर अखेरच्या दोन मिनिटांतले निम्मे तंटे उद्भवतच नाहीत.

लाभ-हानीचे तत्त्व समजावून सांगताना मी एक उदाहरण नेहमी देतो. मध्यरेषेजवळ चेंडू आणणाऱ्या मुलीच्या हातावर बचाव करणारीची बोटे घासून गेली, पण ती न अडखळता पुढे निघून गेली आणि तिच्यापुढे मैदान मोकळे आहे. येथे शिटी वाजवली तर जिच्यावर अन्याय झाला तिचीच वाट तुम्ही अडवता. त्याच मुलीच्या हातावर तेवढीच बोटे बास्केटकडे चेंडू सोडताना घासली, तर तेवढ्याने चेंडूची दिशा दोन अंगुळे ढळते आणि तो कड्यावर आपटून बाहेर येतो. स्पर्श तोच, जोर तोच. पहिल्या ठिकाणी मौन हा न्याय आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मौन हा गुन्हा आहे. म्हणून शिटीला थोडा धीर शिकवावा लागतो. हालचाल सुरू होताना, चालू असताना आणि संपताना, अशी तिन्ही अंगे पाहून मग निर्णय करावा. शिटी अर्धा क्षण उशिरा वाजली तर कोणी तक्रार करीलही. पण पुरते न पाहता वाजलेली शिटी परत ओठांत घेता येत नाही.

आता उभे राहण्याच्या जागेविषयी, कारण माझ्या मते अवघड निर्णयांपैकी बहुतांश निर्णय येथेच जिंकले वा हरले जातात. आपल्याकडे शालेय आणि क्लबच्या सामन्यांना बहुधा दोनच पंच असतात; एक बास्केटमागच्या अंत्यरेषेवर, ज्याला आपण ‘लीड’ म्हणतो, आणि दुसरा खेळाच्या मागून येणारा ‘ट्रेल’. नव्या पंचाचे डोळे स्वभावतःच चेंडूच्या मागे धावतात, कारण आयुष्यभर त्याने प्रेक्षक म्हणून चेंडूच पाहिलेला असतो. ही सवय प्रथम मोडावी लागते. तुमच्या वाट्याच्या भागात चेंडू आला, तर चेंडू धरणाऱ्याला सोडून त्याच्यासमोरच्या बचावपटूकडे पाहा. तो वैध स्थितीत आहे काय, त्याचे हात कोठे आहेत, तो कोणत्या दिशेने सरकतो आहे. आक्रमकाने काय केले हे पुढे आपोआप दिसते, पण बचावपटू आधी कोठे होता हे मागाहून कोणालाही सांगता येत नाही. आणि चेंडू तुमच्या वाट्याच्या भागात नसेल, तर चेंडूकडे मुळीच पाहू नका, हे ऐकायला कितीही कठीण वाटले तरी. बास्केटखाली एकमेकांना ढकलणारे दोघे उंच गडी त्या वेळी फक्त तुमचे असतात.

दोन खेळाडूंच्या मधली फट दिसली पाहिजे, हे दुसरे सूत्र. आक्रमक आणि बचावपटू तुमच्या डोळ्यांशी एका रेषेत आले, की तुम्हाला एक पाठ दिसते आणि त्या पाठीपलीकडे काय घडले याचा केवळ तर्क करता येतो. अशा वेळी एकच पाऊल डावीउजवीकडे टाकले तर फट उघडते आणि छातीवर आदळले की खांद्यावर, हात लागला की चेंडूच लागला, हे स्वच्छ दिसते. लांबून पळत येऊन जवळ पोहोचण्यापेक्षा थोडे दूर राहून कोन साधणे अधिक फलदायी असते. आणि इतके करूनही फट दिसली नाही, तर वाजवू नका. न पाहिलेल्या गोष्टीचा निवाडा देऊ नये, हा माझ्या दृष्टीने या धंद्यातला पहिला आणि शेवटचा कायदा आहे. आवाज मोठा झाला, मुलगा लांब फेकला गेला, आई किंचाळली, ही सारी परिस्थितिजन्य लक्षणे आहेत. त्यांवरून फाउल ठरत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर उघड्या सिमेंटवर दव उतरते आणि बूट साबणावरून घसरावेत तसे घसरतात, त्यामुळे पडलेला प्रत्येक मुलगा ढकललेला असतोच असे नाही, हे तर इथल्या पंचाने विशेष ध्यानात ठेवावे.

ब्लॉक की चार्ज, म्हणजे टक्करीचा दोष बचावपटूचा की आक्रमकाचा, या आपल्या खेळातल्या सर्वांत जुन्या वादाकडे आता येतो. बचावपटू प्रतिपक्षाकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभा राहिला, की त्याला त्या जागेचा हक्क मिळतो, आणि एकदा हक्क मिळाल्यावर तो स्थिरच राहिला पाहिजे असे मुळीच नाही. तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. ‘वो हिल रहा था सर’ ही जी ओरड आपण प्रत्येक सामन्यात ऐकतो, ती नियमाच्या अज्ञानातून येते. चेंडू ज्याच्या हाती आहे त्याला आणखी एक सवलत नाही: आपल्यासमोर कोणीतरी एकाएकी उभे राहील, हे त्याने गृहीत धरले पाहिजे, त्याच्यासाठी काळ आणि अंतर यांची मुभा नियमाने ठेवलेली नाही. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र ती आहे; त्याला थांबायला वा वळायला एकदोन पावलांची जागा द्यावी लागते. आणि जो हवेत उडाला आहे त्याची उतरण्याची जागा पवित्र मानावी. त्याने जमीन सोडल्यानंतर त्याच्या वाटेत जो सरकला, तो कितीही शांत उभा दिसला तरी दोषी आहे. हे सर्व एका प्रश्नात सामावते: आक्रमकाने उडी घेतली त्या क्षणी बचावपटू तेथे आधीच होता काय, आणि टक्कर धडावर झाली काय? हा प्रश्न मनात घेऊनच त्या भागाकडे पाहावे, म्हणजे उत्तर डोळ्यांना सापडते.

यातच बास्केटखालचे अर्धवर्तुळ येते. कड्याच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून सव्वा मीटर त्रिज्येचे हे अर्धवर्तुळ. त्याच्या आत किंवा त्याच्या रेषेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या बचावपटूवर हवेतला आक्रमक चेंडूसह आदळला, आणि त्याने हात, पाय वा अंग अवैध रीतीने वापरले नाही, तर चार्ज देता येत नाही. अडचण अशी, की आपल्या कित्येक शाळांच्या जुन्या कोर्टांवर हे अर्धवर्तुळ रंगवलेलेच नसते, किंवा तीन वर्षांच्या उन्हापावसाने पुसून गेलेले असते, आणि मग ऐन सामन्यात प्रत्येक जण आपल्या सोयीचे अर्धवर्तुळ कल्पनेने आखतो. म्हणून सामन्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, पिशवीत एक मोजपट्टी आणि खडूचा तुकडा ठेवा. अंत्यरेषेच्या आतल्या कडेपासून कड्याचा मध्य १.५७५ मीटरवर पडतो. म्हणजे अर्धवर्तुळाचे टोक अंत्यरेषेपासून सुमारे २ मीटर ८२ सेंटिमीटरवर येते. खडूने ते दोन्ही टोकांना आखा, दोन्ही कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना बोलावून दाखवा. मी हे करू लागल्यापासून या एका कलमावरचे वाद जवळजवळ नाहीसे झाले.

हेतूच्या प्रश्नाने पंचांना फार छळले आहे. नेस्मिथ यांच्या पाचव्या नियमातच, इजा करण्याचा हेतू उघड दिसला तर खेळाडूला सबंध सामन्यातून बाद करण्याची तरतूद होती, आणि पुढे कित्येक दशके ‘हेतुपुरस्सर फाउल’ हाच शब्द चालला. पण दुसऱ्याच्या मनात काय होते हे कोण सांगणार? फौजदारी अदालतीला हेतू सिद्ध करायला वर्षे लागतात आणि तरी संशय उरतो. आता ज्याला आपण अनस्पोर्ट्समनलाइक म्हणतो त्या फाउलाच्या बाबतीत पंचाने केवळ कृती पाहावी, ही सुधारणा मला या खेळाच्या नियमशास्त्रातील एक मोठी सुधारणा वाटते. चेंडू खेळण्याचा न्याय्य प्रयत्न होता काय. धक्का अवाजवी कठोर होता काय. वेगाने बास्केटकडे निघालेल्या खेळाडूला थोपवण्यासाठीच विनाकारण हात टाकला काय. बास्केटपर्यंतची वाट मोकळी असताना मागून किंवा बाजूने धरले काय. हे सारे डोळ्यांनी दिसणारे आहे. ‘सर, जान बूझकर नहीं किया’ असे मुलगा काकुळतीने सांगतो तेव्हा तो बहुधा खरेच बोलत असतो, आणि तरीही दोन फ्री थ्रो व चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो. त्याच्यावर खोटेपणाचा आरोप न करता हे सांगता येते, हाच या नियमाचा मोठा लाभ आहे. स्पर्श न होताच अंग टाकणाऱ्यांविषयी मात्र फार बोलण्यासारखे नाही: पहिल्यांदा ताकीद द्या, ती त्याच्या प्रशिक्षकालाही कळवा, आणि पुन्हा केले तर टेक्निकल द्या.

आता माझ्या एका अपराधाविषयी. पंचगिरीच्या तिसऱ्या वर्षी, एका आंतरशालेय सामन्याच्या तिसऱ्या सत्रात, मी उभा होतो त्या ठिकाणाहून फट दिसत नसताना ब्लॉक दिला, आणि शिटी वाजताक्षणी, बचावपटूच्या चेहऱ्यावरचे दुःख पाहून, मला कळले की मी चुकलो. त्याच्या प्रशिक्षकाने एक अक्षरही काढले नाही, आणि त्या मौनाने मी अधिकच अस्वस्थ झालो. दोन मिनिटांनी त्याच बास्केटसमोर तसाच प्रसंग आला. तेथे चार्ज नव्हता हे मला दिसत होते, तरीही मी चार्ज दिला. मनाला वाटले, आता हिशेब बरोबर झाला. करोलबागेत वाढलेले, आम्ही सर्व मराठी पंच ज्यांना नाना म्हणत असू असे एक वृद्ध गृहस्थ त्या दिवशी टेबलावर वेळ राखत होते. सामना संपल्यावर मी सही करायला गेलो, तेव्हा त्यांनी स्कोअरशीट माझ्यापुढे सरकवली, पेनाचे टोपण काढून दिले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “पहिली चूक डोळ्यांची होती रे. दुसरी तू केलीस.”

त्या वाक्याचा अर्थ उमगायला मला पुष्कळ दिवस लागले. डोळ्यांची चूक निष्पाप असते. तिच्यामुळे एका संघाचे नुकसान होते, पण पंच मोडत नाही. भरपाईची शिटी वाजवणारा पंच मात्र खेळाडूंचा निवाडा सोडून स्वतःच्या मनःशांतीची सोय पाहू लागलेला असतो, आणि ज्याच्यावर त्याने दुसरी शिटी वाजवली त्या मुलाने त्याचे काहीच बिघडवलेले नसते. चूक झाली हे ध्यानात आले, तर जोपर्यंत दुरुस्तीची वेळ गेलेली नाही तोपर्यंत सहकाऱ्याला जवळ बोलवा, त्याने अधिक चांगल्या कोनातून पाहिले असेल तर त्याचे ऐका आणि निर्णय बदला. भलतेच फ्री थ्रो दिले गेले, हक्काचे राहून गेले, चुकीच्या खेळाडूने घेतले, गुण चुकून दिले वा रद्द केले, अशा चुकांसाठी तर पुस्तकातच दुरुस्तीची मुदत ठरवून दिली आहे. ती वेळ गेली, की चूक उचलून घ्या आणि पुढच्या चेंडूकडे पाहा. प्रशिक्षकाने शांतपणे विचारले तर “मला तेव्हा पूर्ण दिसले नाही” असे म्हणण्याने अधिकार घटत नाही. मी वीस वेळा तरी म्हटले असेल, आणि एकदाही त्याचा कोणी गैरफायदा घेतला नाही. फक्त रोज म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

बोलणे थोडके असावे. दिल्लीत ‘सर जी’ या दोन शब्दांत आर्जव, उपरोध आणि धमकी तिन्ही मावतात, आणि नवा पंच त्यातल्या स्वरालाच उत्तर देऊ लागतो. उत्तर प्रश्नाला द्यावे, स्वराला नको. “मुझे लगा” अशी सुरुवात कधीही करू नका, काय पाहिले ते सांगा: “बाद में आया, कंधा लगा.” पाहिलेल्या वस्तूशी हुज्जत घालणे कठीण असते, वाटण्याशी सोपे. गर्दीचा आवाज आपल्या कानांवाटे डोळ्यांत शिरतो, हेही मान्य करून असावे. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या पंचांना सामन्यातील प्रसंगांचे चित्रीकरण काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाजाशिवाय दाखवले, तेव्हा आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले, असे आढळले होते. यजमान शाळेच्या मैदानावर, प्राचार्य आणि प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत बसलेले असताना, यजमानांविरुद्धची स्वच्छ शिटी घशात अडकते आहे असे ज्या क्षणी जाणवेल, त्या क्षणी ती वाजवाच. मुलींच्या सामन्यांत पंच मुलगी असली तर तिच्यावर हा दाब दुप्पट येतो, हे मी पाहिले आहे. पुण्याच्या स्नेहल बेंडके यांनी आंतरराष्ट्रीय पंचांच्या पंक्तीत स्थान मिळवले ही गोष्ट अशा मुलींनी अवश्य माहीत करून घ्यावी.

मंचावरून खाली उतरणाऱ्या अधिकाराचे सर्वांत मोठे उदाहरण म्युनिकचे. ९ सप्टेंबर १९७२ च्या रात्री सुरू झालेल्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो साधले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली. सोव्हिएत संघाने चेंडू आत फेकला, आणि एक सेकंद उरला असता टेबलापाशी टाइम-आउटवरून गोंधळ माजल्याने खेळ थांबला. तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षागारातून खाली आले आणि त्यांनी घड्याळ तीन सेकंदांवर न्यायला सांगितले. घड्याळ नीट लागण्यापूर्वीच पुन्हा खेळ सुरू झाला, भोंगा वाजला, अमेरिकन नाचू लागले. आणि ते तीन सेकंद तिसऱ्यांदा खेळवले गेले, तेव्हा सोव्हिएत संघाच्या एदेश्कोने कोर्टाच्या या टोकाहून फेकलेला चेंडू बेलोवने बास्केटमध्ये टाकला. ५१-५०. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करण्यास नकार दिला. अमेरिकेचे अपील पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले, आणि ती रौप्यपदके अमेरिकन खेळाडूंनी आजवर स्वीकारलेली नाहीत.

या प्रसंगाचे रिगेत्तोंच्या जागी उभे राहून मी पुष्कळदा चिंतन केले आहे. तो गोंधळ पंचांच्या दृष्टीच्या दोषातून उद्भवला नव्हता. तो टेबलातून उद्भवला, आणि अधिकार नसलेल्या हुकमाने वाढला. म्हणून सामन्यापूर्वी टेबलाजवळ दहा मिनिटे बसावे: टाइम-आउट कसा कळवायचा, भोंगा वाजला नाही तर काय करायचे, शेवटच्या सेकंदात चेंडू सुटला की नाही हे दोघांपैकी कोण पाहणार, हे मोठ्याने बोलून ठरवावे. आपल्या शालेय सामन्यांत टेबलावर बहुधा नववी-दहावीची मुले बसतात. त्यांना दटावू नये, शिकवावे. आणि आयोजक वा पाहुणे मैदानात उतरले, तर नम्रपणे, पण उभ्यानेच, त्यांना सांगावे की नियमांत न आलेल्या गोष्टींचाही निर्णय करण्याचा अधिकार मुख्य पंचाचा आहे. ज्या संघाची हरकत असेल त्याच्या कर्णधाराने सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत ती मुख्य पंचाला कळवून स्कोअरशीटवर नेमलेल्या जागी सही करावी. पालकांच्या मोबाइलवरचे चित्रीकरण पाहण्याचा आग्रह अलीकडे फार होतो. ते हातात घेऊच नका. एकदा घेतलेत तर त्या सामन्याचा पंच तो मोबाइल झाला. मराठेशाहीत गावच्या तंट्याचा निकाल झाला की साक्षीदारांच्या नावांसह महजर लिहिला जाई आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तोच पुरावा मानला जाई. आपली स्कोअरशीट हाच आपला महजर, तिच्यावरील प्रत्येक आकडा सही करण्यापूर्वी बोट ठेवून वाचावा.

आणि आता त्या डिसेंबरातील संध्याकाळविषयी. टक्कर होण्यापूर्वी, चेंडू त्या मुलाच्या हाती आला तेव्हाच मी अंत्यरेषेवर दोन पावले डावीकडे सरकलो होतो, आणि माझे डोळे बास्केटसमोरच्या मुलावर होते. त्याचे दोन्ही पाय खडूच्या रेषेबाहेर, तोंड समोर, हात छातीशी. समोरच्याने जमीन सोडली तेव्हा तो तेथेच होता. मी चार्ज दिला, बास्केट रद्द केली, आणि सामना एका गुणाने संपला.

सह्या झाल्या, टेबल आवरले गेले, आणि मी पिशवी बांधत असताना तो आत घुसलेला मुलगा आला. डोळे लाल होते. “सर जी, वो सच में खड़ा था?” त्याने विचारले. त्याच्या आवाजात भांडण नव्हते. मी त्याला बास्केटखाली नेले. दवाने खडू ओलसर झाला होता, पण रेषा अखंड होती, आणि तिच्याबाहेर वीतभर अंतरावर दुसऱ्या मुलाच्या घसरलेल्या टाचांच्या दोन काळ्या खुणा उमटलेल्या होत्या. त्याने त्या खुणा पाहिल्या. मग आपले दोन्ही पाय त्यांवर ठेवून, हात छातीशी घेऊन, तो स्वतः जेथून धावत आला होता त्या कोपऱ्याकडे तोंड करून काही वेळ उभा राहिला.